बाथरूममधला लाल दिवा

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. ऑफिसची सगळी गँग ठाण्यातल्या कुठल्याशा नव्या कॅफेत जमलीये आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतोय. आणि मी? मी डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून तीन प्लॅस्टिकच्या ट्रेकडे टक लावून बघतेय. डोक्यावर लाल दिवा. बाहेरून आईचा आवाज, 'झालं का गं? मला तोंड धुवायचंय.' आणि माझ्या शेजारी, स्टुलावर, बनियन-लेंग्यातले पंचाहत्तर वर्षांचे बाबा. ते ट्रेमधून नजर न काढता म्हणतात, 'अजून नाही. थांब.'

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा आईला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, 'तुमच्या बाथरूमला रात्री लाल लाइट कसला हो?' आईने काय उत्तर दिलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण काकूंनी मला बघून हसणं बंद केलंय.

तर सांगायचं म्हणजे, मला एक खुळ लागलंय. लार्ज फॉरमॅट. म्हणजे तो लाकडी, भाता असलेला, तिपाईवर उभा राहणारा कॅमेरा, ज्याच्यामागे माणूस डोक्यावरून काळं कापड घेऊन गुडूप होतो. त्यात रोल नसतो, एकेक सुटी शीट असते, चार बाय पाच इंचांची. आपल्या नेहमीच्या ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षा ही शीट तेरा-चौदापट मोठी. एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात, पुढून एक, मागून एक. दोन फोटो काढले की संपलं. मोबाइलवर एका वडापावचे अकरा फोटो काढणाऱ्या आपल्या पिढीला ही शिक्षाच वाटेल. मलाही सुरुवातीला वाटली.

कॅमेरा सेकंडहँड मिळाला, एका निवृत्त स्टुडिओवाल्याकडून. (आपल्याकडे असे कॅमेरे बनायचेही बरं का. केरळातल्या अलेप्पीत 'वागीश्वरी' नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे तयार व्हायचे. माझा मात्र तो नव्हे.) १५० एमएमची लेन्स, मागे घासलेली काच. काचेवर चित्र उमटतं ते उलटं. डोकं खाली, पाय वर, आणि डावं-उजवंही बदललेलं. पहिल्या दिवशी मी सोसायटीचं गेट फ्रेममध्ये घ्यायला कॅमेरा डावीकडे फिरवला, तर गेट भलतीकडेच पळालं. अर्धा तास झटापट. वर गॅलरीत बाबा पेपर वाचत बसले होते. शेवटी उतरून आले, आईच्या काळ्या शालीखाली डोकं घातलं आणि पाच सेकंदांत फ्रेम लावून बाहेर आले. 'खालची बाजू जरा कापली जातेय. पुढची पाटी खाली घे,' म्हणाले आणि परत वर गेले.

मी तिथंच उभी. मी विसरलेच होते. माझे बाबा कॅमेरामन होते.

सिनेमाचे नव्हेत. प्रोसेस कॅमेरामन. ऑफसेट छपाईच्या जगात एकेकाळी हा माणूस नसेल तर पान पुढे सरकायचं नाही. आर्टिस्ट पेस्टअप करून द्यायचा, ते खोलीएवढ्या मोठ्या, रुळांवर सरकणाऱ्या कॅमेऱ्यासमोरच्या बोर्डावर लावायचं, दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे, आणि त्याची निगेटिव्ह काढायची. मग त्या फिल्मवरून प्लेट, प्लेटवरून छपाई. बाबांनी लोअर परळच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये सव्वीस वर्षं हे केलं. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचतात, अजूनही. मग आधी संगणकावरून थेट फिल्म निघायला लागली, मग थेट प्लेटच. २००४ मध्ये बाबांचं युनिट बंद झालं. मी बारा वर्षांची होते. त्यांच्या शर्टाला येणारा तो आंबूस वास एका दिवसात घरातून गेला, हे मला स्पष्ट आठवतंय. त्यानंतर ते एका नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला जायचे. कॅमेऱ्याबद्दल एक शब्द नाही. आम्हीही कधी विचारलं नाही, खरं सांगायचं तर.

म्हणून मी फिल्म निवडली ती जरा मुद्दाम. बाजारात शीट फिल्म अनेक आहेत, पण मी घेतली इंग्लंडच्या इलफर्डची 'ऑर्थो प्लस'. स्पीड फक्त ८०, आणि घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तर त्याहून निम्मा, ४०. आता स्लो फिल्म म्हणजे कटकट, असं कुणीही म्हणेल. पण फंडा असा आहे की फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. कण मोठे, तर ते थोड्या उजेडातही काम भागवतात, पण फोटोत रवाळपणा दिसतो. कण बारीक, तर उजेड जास्त लागतो, पण तपशील असा येतो की भिंतीवरच्या पोपडा आलेल्या रंगाच्या कडाही मोजाव्यात. त्यात शीट एवढी मोठी. रवा शोधायला भिंग घ्यावं लागतं, आणि भिंगातूनही तो पटकन सापडत नाही.

पण निवडीचं खरं कारण वेगळंच. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही. अगदी पहिल्या काचांना तर फक्त निळा-जांभळा दिसायचा. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला सापडलं की त्यात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसायला लागतो. लाल दिसू लागायला आणखी बराच काळ गेला. आणि फिल्मला लाल दिसत नाही याचा अर्थ, ती लाल दिव्याखाली डेव्हलप करता येते. काळ्याकुट्ट अंधारात घड्याळाचे काटे मोजत नाही, तर डोळ्यांनी बघत. बाबांची लिथ फिल्मही ऑर्थोच होती. त्यांनी सव्वीस वर्षं लाल दिव्याखाली काढली होती.

त्यांना मी डबा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, वास घेतला (डब्याचा!) आणि विचारलं, 'सेफलाइट आहे का?'

मी दिमाखात झिरोचा लाल बल्ब दाखवला, गणपतीच्या डेकोरेशनमधला. बाबा हसले नाहीत, पण खिशातून एक रुपया काढला. फिल्मची एक पट्टी कापून दिव्याखाली ठेवायची, वर नाणं ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि डेव्हलप करायचं. दिवा खरा असेल तर पट्टी कोरी निघते. आमची निघाली राखाडी, मधोमध रुपयाचा स्वच्छ गोल. गणपतीचा बल्ब बाद. डार्करूमसाठीचा गडद लाल दिवा मागवला, तो पास झाला. तुम्ही हे करून बघणार असाल तर एवढं एक नक्की ऐका: बल्बच्या काचेच्या रंगावर विश्वास ठेवू नका, नाण्यावर ठेवा.

केमिकल्ससाठी बाबा मला प्रिन्सेस स्ट्रीटला घेऊन गेले. मला तयार पाकीट मागवायचं होतं, पण त्यांनी ठरवलं की डेव्हलपर घरीच बनवायचा. डी-७६. कोडॅकचा १९२७ चा फॉर्म्युला, आजही चालतो. लिटरला दोन ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन, दोन ग्रॅम बोरॅक्स. मेटॉल आधी विरघळवायचं, नाहीतर नंतर ते विरघळायला कुरकुर करतं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून बाबा मला हे समजावत होते आणि समोरचा माणूस आमच्याकडे संशयाने बघत होता.

आणि मग आली ती पहिली रात्र. मे महिना. पुस्तकं म्हणतात, डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला हवा. डोंबिवलीच्या नळाचं पाणी ३१ अंश. ही गोष्ट कुठल्याही विलायती पुस्तकात नीट सांगितलेली नाही. बाबांकडे उत्तर तयार होतं: बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ट्रेखालच्या परातीत. २० चा हट्ट धरायचा नाही, २४ वर थांबायचं, आणि वेळ कमी करायची. ११ मिनिटं लिहिली असतील तर साडेसातच्या आसपास. पण तिन्ही ट्रे आणि धुवायचं पाणी सारख्याच तापमानाचं हवं. थंडातून एकदम गरमात टाकलीत तर फिल्मवरचा थर सुरकुततो. 'आमच्याकडे एसी फक्त डार्करूमला होता,' बाबा म्हणाले. 'मालकाच्या केबिनलासुद्धा नव्हता. त्याचे मित्र आले की तो त्यांना आमच्यात आणून बसवायचा.' वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून कामाची गंमत ऐकत होते.

फोटो होता आईचा. शीट ट्रेमध्ये गेली, बाबांनी ट्रेचा कोपरा उचलून हळूहळू हलवायला सुरुवात केली. तीन मिनिटांत साडीचा काठ उमटला, मग कपाळ. मला वाटलं, आता काढावी. बाबा म्हणाले, थांब. पाच मिनिटं. सहा. थांब. साडेसात. 'अजून काळं आलं नाही.' दहाव्या मिनिटाला त्यांनी शीट उचलली.

फिक्स करून दिवा लावला आणि दोघंही गप्प झालो. निगेटिव्हमधला आईचा चेहरा कोळशासारखा भरून गेला होता. प्रिंट काढली तर त्या जागी पांढरा ठिपका निघाला असता, आजूबाजूला नुसता काळोख. चूक काय झाली ते बाबांना माझ्याआधी कळलं. लिथ फिल्मला राखाडी रंग माहीतच नसतो. एक तर काळं, नाहीतर कोरं. पेपरातल्या फोटोत आपल्याला जो राखाडी दिसतो तो बारीक-मोठ्या काळ्या ठिपक्यांचा खेळ असतो. त्यामुळे त्यांच्या डोळ्याला सवय होती ती काळं पुरतं काळं होईपर्यंत थांबायची. माणसाच्या चेहऱ्याला तेवढं थांबलात की चेहरा गेला.

मी म्हटलं, 'जाऊ दे ना बाबा, अडीचशे रुपयांची शीट.' हे बोलायला नको होतं. ते हात धुऊन बाहेर गेले. पुढचे आठ दिवस बाथरूमकडे फिरकले नाहीत. टीव्हीसमोर बसायचे, पण बातम्या लागल्या की सिरियल लागली हेही त्यांना कळत नसावं. एका संध्याकाळी आई मला किचनमध्ये म्हणाली, 'त्यांना वाटतंय, होतं तेवढंही गेलं.' उजव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हापासून हे असं आहे, तीही म्हणाली. कंप मला माहीत होता. तो इतका त्यांच्या मनात आहे, हे माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी काही न बोलता ट्रे मांडले. पावणेदहाला दार वाजलं. बाबा. हातात माझ्या भाच्याची चौकटीची वही. पहिल्या पानावर तारीख, तापमान, वेळ, शेरा असे रकाने आखलेले. अक्षर थोडं हललेलं. पहिल्याच ओळीत शेरा: 'जास्त. चूक माझी.'

त्या रात्री आम्ही एकाच दृश्याच्या तीन शीट काढल्या, पाच, साडेसहा आणि आठ मिनिटांच्या. बाबा आता शीट उलटी करून मागची बाजू बघायला लागले होते. पुढून बघितलं की काळं फसवतं. चेहऱ्याचा उजळ भाग मागून पुसटसा दिसायला लागला की बस्स, काढायची. साडेसहाची पास झाली. वहीत शेरा: 'ठीक.' बाबांच्या भाषेत ही प्रचंड तारीफ आहे.

प्रिंटचं कसं, असं तुम्ही विचाराल. एन्लार्जर ठेवायला आमच्याकडे जागा नाही, आणि त्याची गरजही नाही. निगेटिव्हच एवढी मोठी आहे की कागदावर ठेवायची, वर जुन्या फोटोफ्रेमची काच, आणि पांढरा झिरोचा बल्ब काही सेकंद. झाली चार बाय पाचची प्रिंट. जेवढी शीट तेवढाच फोटो, काहीच मोठं केलेलं नाही, त्यामुळे धार अशी की बोट ठेवायला भीती वाटावी.

आईला मात्र तिचा फोटो अजिबात आवडला नाही. लाल न दिसणारी फिल्म लाल गोष्टी काळ्या करून टाकते. तिचं कुंकू काळं, ओठ काळे, हिरव्या इरकलीचा लाल काठ काळा. गालावरचा प्रत्येक डाग, जो आरशात दिसतसुद्धा नाही, तो हजर. 'मी काय आजारी आहे?' तिचा सवाल. मी तिला समजावलं की जुन्या मूकपटांच्या काळात फिल्म अशीच होती, म्हणून तर नट-नट्या चेहऱ्याला भलताच मेकअप फासायच्या. यावर बाबांनी हळूच माहिती पुरवली की दादासाहेब फाळकेही सिनेमात पडायच्या आधी त्यांच्याच लायनीत होते. छपाई, ब्लॉकमेकिंग. लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करायचे. आई म्हणाली, 'मग त्यांच्या बायकोचेही असेच फोटो आले असतील, बिचारी.'

आता राहिला होता बाबांचा फोटो. ते टाळत होते. कारण उघड होतं. गॅलरीत, जुलैच्या ढगाळ उजेडात, एफ ११ ला मीटर सांगत होता अर्धा सेकंद. अर्धा सेकंद हलायचं नाही. शिवाय या कॅमेऱ्यात फोकस करून झालं की शटर बंद, होल्डर आत, पाटी वर, आणि मग क्लिक. या सगळ्या वेळात माणूस फोकसमधून हलला तर तुम्हाला काहीच दिसत नाही. एवढ्या जवळून नाकापासून कानापर्यंत जेमतेम शार्प राहतं. जुन्या स्टुडिओंत म्हणे डोक्यामागे लोखंडी टेकू लावायचे. आम्ही खुर्चीला केरसुणीचा दांडा बांधला.

बाबा बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. मी शालीखालून बाहेर आले, शटर लावलं. तेवढ्यात खुर्चीतून प्रश्न, 'भाता किती ताणलायस?'

'म्हणजे?'

'मोज.'

मी फूटपट्टी लावली. सतरा सेंटिमीटर. लेन्स पंधराची. बाबांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं. 'सव्वापट. थोडं उघड. भाता ताणला की उजेड फिल्मपर्यंत पातळ होत जातो. आम्ही जेवढ्यास तेवढं काढायचो तेव्हा भाता दुप्पट ताणलेला, एक्सपोजर चौपट. हे नाही सांगितलं तुझ्या त्या व्हिडिओवाल्यांनी?' सांगितलं असेल. मी पुढे ढकलत बघते. मी ॲपर्चर एफ ११ वरून जरासं उघडलं.

होल्डर आत. पाटी वर. 'बाबा, श्वास धरा.'

एकच शीट काढली. दुसरी होती होल्डरच्या मागच्या बाजूला, पण ते उठलेच. 'आली असेल तर आली.'

रात्री बाथरूममध्ये ट्रे मी हलवला, त्यांनी सांगितलं कधी काढायची. सव्वासहा मिनिटं. निगेटिव्ह ओली असतानाच त्यांनी ती लाल दिव्यासमोर धरली आणि मी बघितलं, चेहरा आलाय. सगळा. भुवईचा एकेक केस, चष्म्याच्या काडीची खूण, गळ्यापाशी दाढी करताना राहून गेलेला एक पांढरा खुंट. आणि खाली मांडीवर, जिथं उजवा हात होता, तिथं धुरासारखं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी प्रिंट वाळली. बाबांनी कपाटातून त्यांचं जुनं भिंग काढलं, घडीचं, पितळी, ठिपके मोजायचं. डोळ्यांपासून सुरुवात करून खाली खाली येत ते हातापर्यंत आले. तिथं बराच वेळ थांबले. मी म्हटलं, 'दुसरी शीट आहे अजून. आज उजेड चांगला आहे. काढू या?'

'कशाला? बरोबर आहे हे,' ते म्हणाले. मग भिंग शर्टाच्या खिशापाशी सरकलं. 'हे मात्र चूक आहे. पिनहोल.' खिशावर मोहरीएवढा काळा ठिपका. होल्डर भरताना शीटवर धूळ बसली होती. 'होल्डर पुसला नव्हतास ना?'

नव्हता.

याचा इलाज त्यांना पाठ होता. निगेटिव्हवर त्या जागी ओपेकचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे प्रिंटवर काळ्याऐवजी पांढरा येतो, आणि पांढऱ्यावर मग पेन्सिलने हवा तेवढा रंग भरता येतो. सव्वीस वर्षांत असे लाखभर ठिपके दिले असतील, म्हणाले. ट्रंकेतून तीन शून्य नंबरचा ब्रश निघाला, कागदात गुंडाळलेला. त्यांनी तो उजव्या हातात धरला, निगेटिव्हवर आणला, आणि मागे घेतला. परत आणला. परत मागे घेतला.

मग ब्रश माझ्याकडे दिला.

'आधी टिपकागदावर कोरडा कर. अजून. एवढं ओलं नको. मनगट टेबलावर टेकव.' त्यांनी भिंग माझ्या डोळ्यासमोर धरलं, दोन्ही हातांनी, ते हलू नये म्हणून कोपरं टेबलाला रोवून. मी ब्रश खाली आणला, तर आता माझाच हात थरथरायला लागला.

'श्वास सोड,' बाबा म्हणाले. 'सोडलास? आता टेकव.'